न दिसलेले ग्रहण

कार्तिकातल्या अमावस्येला, रविवारी, दिवे लागल्यावर वहिनी गच्चीवर आली आणि तिने माझ्या आईला अव्वा म्हणून हाक मारली. त्याआधी ती आत्याबाई म्हणत होती.

एवढेच झाले. पण आमच्या घराचे दोन भाग करायचे तर मी त्या संध्याकाळच्या अलीकडचा आणि पलीकडचा असेच करीन. वहिनी गेल्या श्रावणात गेली. ती असताना हे लिहावे असे कधी वाटले नाही. आम्हा दोघींपैकी एकीने सुरुवात केली की दुसरी पुढचे सांगायची आणि गोष्ट पुरी व्हायची. आता पुढचे सांगणारे कोणी नाही, म्हणून दोघींच्या वाटणीचे मलाच लिहायचे आहे. रोज थोडे लिहिते आणि थांबते.

आमचे घर लातुरात, गंजगोलाईच्या बाजारपेठेपासून हाकेच्या अंतरावर. पुढे दुकान, मागे दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, वर उघडी गच्ची. दुकान बारदान्याचे. अप्पा, म्हणजे माझे वडील, रिकामी पोती, सुतळी आणि दोरखंड विकत. घरभर तागाचा वास असे. शाळेत मैत्रिणी म्हणत, तुझ्या वेणीलासुद्धा पोत्याचा वास येतो. ते दुष्काळाचे वर्ष होते. पोत्यात भरायला माल नव्हता, तेव्हा पोती कोण घेणार? अप्पा सकाळी कपाळाला विभूती लावून दुकान उघडत आणि पोत्यांच्या थप्पीवर बसून कालचा पेपर वाचत. येणाराजाणारा विचारी, "काय अप्पा, कसं चाललंय?" तर म्हणत, "लई निवांत हाय बघा. उंदरं सुदीक सोडून गेलेत, म्हणून मांजरीला बी सुट्टी दिली."

त्याच सुमारास लातूर जिल्हा झाले होते. माझा थोरला भाऊ, आमचा दादा, नव्या जिल्हा कचेरीत कारकून होता. उस्मानाबादहून दप्तराचे गठ्ठे ट्रक भरून येत आणि ते पुन्हा बांधायला दादा आमच्याच दुकानातली सुतळी नेई. "जिल्हा झाल्याचा आपल्याला एवढाच फायदा," अप्पा म्हणत. पण लोकांना अप्रूप होते. पत्र लिहिताना माणसे गाव घाईत लिहीत आणि खाली 'जिल्हा लातूर' मात्र सावकाश, ठसठशीत अक्षरात. अव्वाला, म्हणजे आईला, त्याचे काही नव्हते. तिचे माहेर उदगीरच्या पलीकडे, कानडी मुलखाच्या शेजारचे. आईला अव्वा म्हणायची रीत तिनेच घरात आणली. रिकामी घागर कडेवर घेऊन ती दादाला विचारी, "जिल्हा आला म्हंतोस. मग पाणी कुठं अडकलंय, उस्मानाबादेत?"

पाणी कधी येईल याचा भरवसा नव्हता. नळाला जोर नसल्यामुळे गल्लीत प्रत्येकाने दारापुढे खड्डा खणून नळ खाली नेला होता. त्या खड्ड्यात उतरायचे, तांब्याने पाणी धरायचे आणि वर उभ्या असलेल्याच्या घागरीत ओतायचे. पाण्याआधी नळातून हवा येई आणि नळ शीळ घाली. ती शीळ ऐकली की सगळी गल्ली हातातले टाकून पळे. बहुधा पाणी संध्याकाळी येई, म्हणून संध्याकाळ झाली की कोणीतरी कान देऊन बसायचे. गच्चीवरून गल्लीतल्या साऱ्या नळांचा आवाज येत असे, आणि आमच्या घरात ते काम वहिनीकडे आणि माझ्याकडे होते. आजही कुठे कुकरची शिटी बारीक वाजली तर माझा हात घागरीसाठी पुढे होतो. घरात घागर उरलेली नाही.

वहिनी नांदेडजवळच्या मुदखेडची. नांदेडच्या कॉलेजात बी.एस्सी. झालेली. आमच्या घरात तिच्याइतके शिकलेले कोणी नव्हते, दादासुद्धा नाही, आणि हे तिने कधी कोणाला जाणवू दिले नाही. अव्वाला मात्र ते न सांगता जाणवत असे. "नांदेडची पोरगी," अव्वा शेजारणीला सांगे, "गोदावरीच्या पाण्यात वाढलेली. आमच्याकडं तांब्यात आंघोळ करून राहिली बिचारी." त्यात कीव किती आणि टोमणा किती हे शेजारणीलाही कळत नसे. वहिनी हसून सोडून देई. सकाळी ती कधीकधी नांदेडकडच्यासारखा सुशीला करी, भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा, वर दाण्याचे कूट पेरलेला. अव्वा म्हणे, "पोट भरल्यासारखं वाटतंय, भरत मातर न्हाई," आणि दुसऱ्यांदा वाढून घेई. पण सासूसुनेत एक हात अंतर होते. वहिनीच्या 'आत्याबाई'त मान होता, अव्वाच्या 'अगं पोरी'त माया होती, पण दोघी एकमेकींशी बोलताना जपून पावले टाकत, ओल्या सारवणावरून चालल्यासारखी.

गच्चीवर वहिनी वेगळी असे. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात, नळाची वाट बघत आम्ही पालथ्या घमेल्यांवर बसलो होतो, तेव्हा तिने माझी हनुवटी धरून वर केली. "वन्सं, तो बघा. लुकलुकत नाही, लाल दिवा नाही, आवाज नाही. काय असेल?" एक ठिपका ताऱ्यांमधून शांत चालला होता. मी म्हटले, विमान. ती म्हणाली, "उपग्रह. माणसानं सोडलेला. त्याला स्वतःचा उजेड नाही. आपल्याकडे सूर्य मावळला तरी तो इतका वर आहे की त्याला अजून सूर्य दिसतोय, म्हणून चमकतोय." तिच्या कॉलेजातले एक प्राध्यापक मुलामुलींना संध्याकाळी गच्चीवर घेऊन हे दाखवत. तिथे शिकलेली रीत तिने मला शिकवली. उपग्रह किती तेजस्वी ते सांगायचे तर त्याच्या वाटेवरचे तारे माप म्हणून धरायचे. याच्याहून उजळ, त्याच्याहून फिका, असे बोलत जायचे. श्रवण, अभिजित, हंसाच्या शेपटीचा तारा ही आमची वजने झाली. आणि एक नियम होता, तो तिने माझ्याकडून पाठ करून घेतला. संध्याकाळी पृथ्वीची सावली पूर्वेकडून वर चढते. म्हणून उपग्रह पूर्वेकडे जाता जाता विझेल, पण पश्चिमेला कधी विझणार नाही. पश्चिमेला तो क्षितिजापर्यंत पेटलेलाच राहणार.

एक उपग्रह आमचा खास होता. दक्षिणेकडून यायचा, पश्चिमेच्या अंगाने श्रवणाखालून जायचा आणि उत्तरेला उतरायचा. वेळ थोडी मागेपुढे होई, पण चुकत नसे. पूर्वी अप्पांच्या दुकानात एक मुनीम होते, ते दिवे लागले की छत्री काखेत मारून, इकडेतिकडे न बघता, भिंतीच्या कडेकडेने घरी जात. म्हणून आम्ही त्या उपग्रहाचे नाव मुनीम ठेवले. अव्वाला हे ठाऊक होते. "आला का गं तुमचा मुनीम?" ती खालून ओरडे. "त्याला म्हणावं, जाता जाता नळाच्या हापिसात बी डोकवून जा." ती स्वतः मात्र संध्याकाळी वर येत नसे. गुडघे दुखतात म्हणायची.

त्या दिवाळीनंतर वहिनीला दिवस गेल्याचे घरात सगळ्यांना कळले. अव्वाने तिचे पाणी भरणे बंद केले, मग जड भांडे, मग जिना. जिन्यावरून थोडी बोलाचाली झाली. शेवटी दादा म्हणाला, "डॉक्टरीणबाई चालत राहा म्हणून राहिल्यात, अव्वा," आणि जिना सुटला. अव्वाने पंचांग काढून ग्रहणे बघितली. आम्ही लिंगायत, गळ्यात लिंग असलेली माणसे; आमच्यात सुतक धरत नाहीत. पण अव्वा म्हणे, "सुतक येगळं आन् ग्रहण येगळं." पंचांगात कार्तिक अमावस्येला सूर्यग्रहण होते. खाली लिहिले होते की ते आपल्याकडे दिसणार नाही, म्हणून वेध पाळायचे कारण नाही. अव्वाने ती ओळ दोनदा वाचून घेतली, एकदा माझ्याकडून आणि एकदा दादाकडून, आणि पंचांग खुंटीला लावले. तिच्या खांद्यावरून काहीतरी उतरल्यासारखे झाले. जे दिसत नाही ते पाळायचे नाही, हा नियम आमच्याकडे सगळ्यांना मान्य होता.

वहिनीनेही ती ओळ वाचली. रात्री भाकरी झाल्यावर तिने चुलीपुढेच मला मांडून दाखवले. रॉकेलची चिमणी म्हणजे सूर्य. नारळ म्हणजे पृथ्वी. माझी मूठ मध्ये धरली, तो चंद्र. मुठीची सावली नारळाच्या चिमणीकडच्या कुशीवर पडली. "ही आफ्रिका. तिथं ग्रहण दिसेल. आपण इकडे, कडेच्या या बाजूला. आपला सूर्य तेव्हा मावळलेला." मग तिने एक भुईमुगाची शेंग घेतली आणि नारळाच्या आमच्या बाजूवर, जरा उंच धरली. शेंगेवर चिमणीचा उजेड होता. मी मूठ थोडी सरकवली तशी शेंग काळवंडली. "आपल्याला सूर्य नाही," ती म्हणाली, "पण मुनीमाला आहे. त्याच्या सूर्याला ग्रहण लागणार. तो पश्चिमेला फिका होणार, वन्सं. जिथं कधी होत नाही तिथं." ती शेंग मग तिने फोडली आणि एक दाणा मला दिला. असे पुन्हा आपल्या आकाशात, आपल्या संध्याकाळी कधी जुळून येईल ते सांगता येत नाही, असे ती म्हणाली. तिला ते बघायचे होते. लग्न होऊन आल्यापासून तिने या घरात काही मागितल्याचे मला आठवत नाही. हे तिने मागितलेही नव्हते, फक्त वाट बघत होती.

बोलला तो दादा. रविवारी दुपारी सगळे जेवायला बसले होते. ज्वारीची भाकरी, येसराच्या भाजक्या पिठाची आमटी, अंबाडीची भाजी. दादाला बायकोचा अभिमान होता आणि तो त्याच्या पोटात राहत नसे. आमटीत भाकरी कुस्करता कुस्करता तो म्हणाला, "अप्पा, आज गंमत हाय. पंचांगवाल्याला बी ठाव न्हाई. आज ग्रहण आपल्या गच्चीवरून दिसणार. हिनं शोधून काढलंय."

अव्वाचा वाढता हात थांबला. "काय दिसणार?"

"ग्रहण. म्हंजे तसं न्हाई..." दादाला वहिनीचा चेहरा दिसला, पण उशीर झाला होता.

"दिसणार हाय का न्हाई? एक सांग."

"उपग्रहावर दिसणार, अव्वा. आपला सूर्य तर..."

"दिसणार हाय म्हंजे वेध लागले," अव्वा म्हणाली. तिने वहिनीच्या ताटाकडे बघितले. भाकरी निम्मी झाली होती. "तेवढी खाऊन घे. मग उठायचं न्हाई, चिरायचं न्हाई, सुई धरायची न्हाई. सांजच्याला मधल्या खोलीत दार लावून पडायचं. सुटस्तवर."

अप्पा म्हणाले, "अगं, आपण इभूत लावणारी माणसं. आपल्याला कसलं ग्रहण?"

"तुमच्या पोटात हाय का काही? येसर सोडून?" अव्वा म्हणाली. अप्पांनी पुढे आमटीच मागितली.

दादाने दुपारभर मान खाली घातली होती. अव्वाने पाण्याच्या हंड्यात बेलाचे पान टाकले, दह्यावर टाकले, पिठाच्या डब्यावर ठेवले. मी तिच्या मागे मागे फिरत होते. सोळा वर्षांची होते आणि विज्ञानाच्या पुस्तकातले सगळे मला पाठ होते. मी म्हटले, "अव्वा, सावली असते ती. सावलीनं काय होतंय?" ती स्वयंपाकघरात पाटावर बसली. दादाच्या आणि माझ्या मध्ये एक मुलगा झाला होता एवढे मला ठाऊक होते. राहिला नाही, एवढेच घरात बोलत. त्या दिवशी तिने सांगितले. तो पोटात असताना ग्रहणाच्या दिवशी अचानक पाहुणे आले. सासूबाई म्हणाल्या, चार वांगी चिर. तिने चिरली. "वरचा ओठ फाटलेला घेऊन आलं लेकरू. त्याला दूध ओढता यायना. मी कापसाची वात करून सोडायची तोंडात. ते माझ्याकडं बघायचं." तिने बेलाचे पान हातात फिरवले. "तू शाळेत शिकतीस ते खरं असंल. पर चिरलं मी होतं."

पुढे मी शाळेत अनेक वर्षे विज्ञान शिकवले. ग्रहणाचा आणि ओठाचा काही संबंध नाही हे मुलांना दरवर्षी सांगितले आणि ते खरेच आहे. पण त्या दुपारी मी गप्प बसले, आणि आज विचार करते तर वाटते, गप्प बसले हेच बरे केले.

वहिनी मधल्या खोलीच्या उंबऱ्याशी बसून सगळे ऐकत होती. आत आली नाही, कारण उठायचे नव्हते. तिने तिथूनच म्हटले, "आत्याबाई, एक बोलू? ग्रहण मुनीमाला लागणार. वेध त्यानं पाळावेत. त्यानं आज जेवू नये."

अव्वाला हसू आले, ते तिने पदराने पुसले. "लई शानी हायस."

"सूर्य आपल्याला दिसणार नाही हे खरं आहे ना?"

"पर ग्रहण दिसणार म्हंतो ना तुझा नवरा."

"ते म्हणतात. दिसेल की नाही कोणी बघितलंय?"

अव्वाने हातातले बेलाचे पान पाटावर ठेवले. दुकानातून अप्पांच्या पेपरचा आवाज येत होता. मग ती म्हणाली, "बरं. मीच बघते. मला दिसलं, तर तू खोलीत. मला न्हाई दिसलं, तर तू मोकळी. तवर दार लावून बस. मंजूर?"

"मंजूर."

"आन् मला कसं कळायचं? मला तुमच्या आकाशातलं काय कळतंय?"

इथे वहिनीला काहीही सांगता आले असते. पूर्वेकडे बघा, असे म्हटली असती तरी अव्वा पूर्वेकडे बघत बसली असती. वहिनीने मला समोर बसवले आणि अव्वाला सगळे नीट सांगितले. मुनीम कुठून येईल, श्रवण कोणता, तो कसा ओळखायचा, नेहमी मुनीम त्याच्या खालून जाताना किती उजळ असतो. पूर्वेला विझला तर ती रोजची गोष्ट. पश्चिमेला फिका झाला तर ग्रहण. "श्रवणाच्या खाली लक्ष ठेवा, आत्याबाई. तिथं नजर हलवू नका. पापणी मिटायची तर आधी मिटून घ्या." अव्वा ऐकत होती, पण मला दिसत होते की ती शब्दांपेक्षा सुनेच्या तोंडाकडे जास्त बघत होती.

सूर्य गेला तेव्हा पश्चिम तांबूस मातकट होती. त्या वर्षी धूळ फार होती आणि ढग नावालाही नव्हते. अव्वा एकेक पायरी बसत चढली. मी तिला घमेले पालथे घालून दिले. गच्चीवरून गोलाईकडचे दिवे, कचेरीकडचे नवे दिवे, आणि दारोदारी खड्ड्यांशेजारी मांडलेल्या घागरी दिसत होत्या. "बाई गं," ती म्हणाली, "एवढं दिसतंय होय हितनं." मग मान वर करून म्हणाली, "आन् एवढे हायेत?" किती वर्षांनी तिने तारे बघितले होते कोण जाणे. खाली मधल्या खोलीचे दार बंद होते, पण जिन्याच्या तळाशी बांगड्या वाजल्या; वहिनी दारामागून येऊन पहिल्या पायरीवर बसली होती. अव्वाने ते ऐकले आणि पुन्हा मान वर केली.

अंधार दाटला. मी अव्वाला श्रवण दाखवला. तिने बोट रोखून तो स्वतः पुन्हा दाखवला, बरोबर होता. थोड्या वेळाने दक्षिणेकडून मुनीम आला. सुरुवातीला रोजच्यासारखाच होता. "ह्योच का?" अव्वा म्हणाली, "ह्यो तर आपल्या मुनिमासारखाच चालतोय गं. छत्री तेवढी न्हाई." तो पश्चिमेच्या अंगाने वर आला, श्रवणाकडे निघाला, आणि चालता चालता बारीक होऊ लागला. दिव्याची वात कोणी सावकाश खाली घ्यावी तसा. मी शेजारचे तारे मोजमापाला घेऊ लागले. याच्याहून फिका, आता याच्याहूनही फिका. श्रवणाच्या खाली तो असून नसल्यासारखा झाला. अव्वाने माझे मनगट धरले. तिची बोटे रुतली.

तो विझला नाही. तसाच, दिसेल न दिसेल असा चालत राहिला, आणि उत्तरेकडे सरकता सरकता पुन्हा भरत आला. अभिजिताच्या वर पोचला तोवर नेहमीचा मुनीम झाला होता, अख्खा, काही न झाल्यासारखा, आणि आपल्या वाटेने खाली उतरला. अव्वाची बोटे सैल झाली. "सुटलं," ती हलकेच म्हणाली. मलाही नाही, स्वतःलाच.

मी तिच्याकडे बघितले नाही. मला वाटले, आता ती उठेल, जिन्यातून खाली वाकेल आणि म्हणेल, जा आत. तिने शब्द दिलेला होता आणि तिचा शब्द घरात कधी फिरत नसे. ती उठली, जिन्याच्या तोंडाशी गेली, कठड्याला धरून वाकली.

"काही दिसलं न्हाई," अव्वा म्हणाली. "बा वर."

बा म्हणजे ये. कानडी तिच्या तोंडी फक्त दोनदा यायची, फार रागात आणि फार लाडात. मुलगी म्हणून मला ती दोन्ही वेळा मिळाली होती. वहिनीला तोवर एकदाही नाही.

वहिनी वर आली. चेहरा ओढलेला होता. तिला वाटले तिचे गणित चुकले. अव्वाने तिला घमेल्यावर बसवले, मागे उभी राहून तिची मान दोन्ही हातांनी वळवली आणि म्हणाली, "तिकडं बघ. त्या ताऱ्याच्या खाली. न्हाई न्हाई, जरा अजून खाली, हां. तिथंच बघत राहा. तिथंच बारीक होतंय."

वहिनी वळली. अव्वा आकाशाकडे बघत होती. आपण काय बोलून गेलो हे तिच्या लक्षात आले की नाही, मला शेवटपर्यंत कळले नाही. वहिनी एकदा माझ्याकडे बघून पुन्हा पश्चिमेकडे वळली, आणि तेवढ्यात दुसरा एक उपग्रह आला, आमच्या ओळखीचा नव्हता, जरा उंचावरून, हंसाच्या बाजूने पश्चिमेकडे उतरणारा. अव्वाने सांगितलेल्या जागेकडे जाताना तो बारीक होत गेला, इतका की शेवटी नजर किंचित बाजूला करून, डोळ्याच्या कडेने बघावे लागले. वहिनीने न बघताच मागे हात नेला आणि अव्वाचा पदर धरला.

"अव्वा, दिसला!" ती म्हणाली. "अव्वा!"

"हाव, हाव. ओरडू नको, पोटातलं जागं होतंय."

खाली नळाने शीळ घातली. सगळी गल्ली जागी झाली, घागरींचा खडखडाट सुरू झाला. दादा खड्ड्याच्या काठावर आला आणि वर बघून घाबऱ्या आवाजात ओरडला, "अव्वा! पाणी आलंय! वेध हायेत का न्हाईत? भरू का नको?"

अव्वाने गच्चीच्या कठड्यावरून, शेजारच्या चार दारांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले, "कसले वेध? मी सोता बघितलं. काही दिसलं न्हाई. भर!"

त्या संध्याकाळी पाणी अप्पांनी आणि दादाने भरले. अप्पा खड्ड्यात उतरले होते आणि त्यांच्या विभूतीवर पाणी उडाले होते. आम्ही तिघी वर बसून राहिलो. नळ आला असताना गच्चीवर बसून राहण्याची ती आमची पहिली वेळ. दादा पुढे जन्मभर म्हणत असे की पाण्यासाठी अव्वा खोटे बोलली, दुष्काळात ग्रहणाचे पाणी सोडणार कोण? पण नळ नंतर आला. 'बा वर' आधी होते. मी तिथे होते.

चैत्रात वहिनी मुदखेडला माहेरी बाळंत झाली. तार आली तशी अव्वा आणि मी एस.टी.ने निघालो. अहमदपूरच्या स्टँडवर गाडी बराच वेळ थांबली. अव्वाने धपाट्यांचा डबा उघडला, मला दिला, स्वतः खाल्ले नाही. मुदखेडच्या घरात पोचल्यावर तिने हातपाय धुतले, थेट पाळण्याशी गेली आणि पोरीच्या वरच्या ओठावरून बोट फिरवले. एकदा इकडून तिकडे, पुन्हा तिकडून इकडे. पोरीने ते बोट तोंडात ओढले आणि जोरात चोखले. अव्वा तशीच वाकून उभी राहिली. "ओढतंय," ती म्हणाली. "लई ओढतंय गं." वहिनी बाजेवरून बघत होती. त्या दोघींनी त्या अमावस्येचा विषय पुन्हा कधी काढला नाही. मी एकदा वहिनीला विचारले, अव्वाला दिसले होते हे तुला कधी कळले? ती म्हणाली, "अहो वन्सं, जागा कुणी दाखवली मला?" आणि पीठ मळत राहिली.

त्यानंतर दर संध्याकाळी, पाऊस नसला की, अव्वा वर येऊ लागली. बसत बसत चढायची. शेवटच्या दोन-तीन वर्षांत तिला तारे दिसत नव्हते, तरी यायची. वहिनी तिला सांगे, मुनीम आता श्रवणाखाली आहे, आता हंसाजवळ आहे, आणि अव्वा मान हलवून नेमकी तिकडे वळवी.

आता अव्वा नाही, अप्पा नाहीत, दादा नाही, वहिनी नाही. पोरीचे नाव गिरिजा. ती नांदेडला असते आणि रविवारी फोन करते. दुकान भाड्याने दिले आहे, तिथे मोबाईल विकतात. नळाला जोर आहे, खड्डा बुजवला. आकाशात आता इतके उपग्रह जातात की त्यातला आपला कोणता ते ओळखता येत नाही. गच्चीवर दोन घमेली आहेत. संध्याकाळी मी त्यातले एक पालथे घालून बसते.